लेपर्ड गेकोची अंडी उबवताना

लेपर्ड गेको पाळणाऱ्या बऱ्याच घरांत पहिली अंडी ठरवून आलेली नसतात. दुकानातून दोन पिल्लं आणलेली असतात, दोन्ही माद्या म्हणून विकलेली. वर्षभराने त्यातला एक नर निघतो, आणि एके सकाळी ओलसर डब्यात लांबट, पांढरी अशी दोन अंडी पडलेली दिसतात. मग शोधाशोध सुरू होते: आता यांचं करायचं काय? अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या देशांत ही पाल पाळण्याचा छंद इतका रुजला आहे की तिकडच्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी ती येऊन बसते. कुत्र्याला घरमालकाची परवानगी नसते. काचेच्या पेटीतल्या पालीला सहसा कुणी हरकत घेत नाही.

कोणती ही पाल

हिचं शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं. मूळ प्रदेश अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचा कोरडा, खडकाळ पट्टा. आपल्या भिंतीवरच्या पालीशी नातं असलं तरी हिची घडण वेगळी. हिला हलणाऱ्या पापण्या आहेत आणि बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, त्यामुळे ती काचेवर चढत नाही.

अंड्यांच्या बाबतीतला फरक जास्त महत्त्वाचा. घरातली पाल फळीमागे चिकटवून ठेवते ती अंडी कडक, चुनखडी कवचाची असतात. लेपर्ड गेकोचं अंडं मऊ, चामड्यासारख्या कवचाचं असतं. ते भोवतालच्या ओलीतून पाणी शोषून फुगतं आणि कोरड्या जागी तेच पाणी गमावून बसतं. उबवणीच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

हिची भावंडं महाराष्ट्रातही आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही जात गुजरात आणि महाराष्ट्राच्या कोरड्या भागात आढळते. सातपुड्यातली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जात तर २०१४ मध्ये शास्त्राला नव्याने कळली. विषारी समजून ती मारली जाते, पण तिला विष नसतं. रानात सापडलेली अशी पाल किंवा तिची अंडी घरी आणून उबवायचा विचारही करू नये. इथे पुढे जे सांगितलं आहे ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या पाळीव गेकोपुरतं आहे. भारतात राहणाऱ्याने तर असा कोणताही प्राणी घेण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीत बदलल्या आहेत, आणि दुकानदाराचं ‘काही होत नाही’ हे काही परवानापत्र नव्हे.

मादी अंड्यावर आली आहे का?

पोटाची कातडी पातळ असल्याने मादीला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिलं की दोन्ही बाजूंना एकेक पांढुरका लांबट गोळा दिसतो. अंडी घालण्याच्या आदल्या दिवसांत ती खाणं कमी करते किंवा सोडते आणि जागोजागी उकरत सुटते. या वेळी तिला एक झाकणाचा डबा हवा: आत-बाहेर करण्यापुरतं भोक आणि तळाला तीन-चार बोटं ओलसर कोकोपीट, शेवाळ किंवा वर्मिक्युलाइट. हा डबा नसला तर ती अंडी कुठल्या तरी कोपऱ्यात घालते, आणि गरम, कोरड्या पेटीत ती थोड्याच वेळात चिपाडासारखी होतात. जागा न मिळाल्याने मादी अंडी अडवून धरते, असंही घडतं. ती उकरते, थकते, तरी अंडी पडत नाहीत, असं दिसलं तर थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य गाठावा.

एका खेपेला साधारणपणे दोन अंडी. नवखी मादी कधी एकच घालते. दोन ते चार आठवड्यांनी पुढची खेप. मादी नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवू शकते, त्यामुळे एका मीलनावर तिच्या अनेक खेपा फलित निघतात. ‘नर तर केव्हाच वेगळा केला, मग ही अंडी कुठली?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. उलट, नर कधी पाहिलाही नाही अशी मादीसुद्धा अंडी घालते. ती अर्थातच पोकळ असतात.

अंड्यांचं कवच आणि आतल्या पिल्लाची हाडं यासाठी लागणारा चुना मादीच्या अंगातून जातो. म्हणून या काळात तिच्या पेटीत कॅल्शियम पावडरची वाटी कायम असावी. वर्षाच्या आतल्या किंवा ४५ ग्रॅमपेक्षा हलक्या मादीला नरासोबत ठेवूच नये, असं जाणकार पाळणारे सांगतात, आणि ते योग्यच आहे.

उबवायचीच का?

हा प्रश्न अंडी हातात आल्यावर नव्हे, त्याआधी विचारायचा असतो. हिशेब सोपा आहे. हंगामात पाच-सहा खेपा धरल्या तरी दहा-बारा पिल्लं होतात. प्रत्येकाला स्वतंत्र डबा, स्वतंत्र खाणं. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको १५ ते २० वर्षं जगतो. मित्रमंडळी पहिली दोन पिल्लं कौतुकाने नेतात. तिसऱ्या खेपेनंतर फोन उचलत नाहीत.

जोडीचा वंश माहीत नसेल तर आणखी सावध राहावं. छंदात रंगांचे शेकडो प्रकार तयार झाले आहेत, आणि काही रंगांसोबत दुखणी आली आहेत. ‘एनिग्मा’ या प्रकारात मेंदूचा तोल बिघडतो: पिल्लू गोल गोल फिरतं, मान वाकडी करून वर बघत राहतं, किड्यावर झेप घेताना नेम चुकतो. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा लिंबाच्या रंगाचा देखणा प्रकार, पण त्यातल्या बहुतेकांना त्वचेच्या रंगपेशींच्या गाठी होतात. २०२१ मध्ये संशोधकांनी त्याचा धागा स्पिंट-१ या जनुकाशी जोडून दाखवला. असल्या जोड्यांची अंडी उबवणं मला तरी छंदाच्या नावावर चाललेला क्रूरपणा वाटतो. अल्बिनोंची गोष्ट निरुपद्रवी पण गमतीची आहे. ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल असे अल्बिनोंचे तीन वेगवेगळे वाण आहेत. दोन वाणांचे अल्बिनो एकत्र आणले तर पिल्लं साध्या रंगाची निघतात, आणि महागडी जोडी घेतलेला माणूस डोक्याला हात लावतो.

पिल्लं नको असतील तर अंडी घातल्या दिवशीच, गर्भ वाढू लागण्याआधी, फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि मग टाकावीत. ऐकायला कोरडं वाटतं. महिन्याभराने विचार बदलून इन्क्युबेटर बंद करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अंडं उचलताना

मादी अंड्यावर बसत नाही. अंडी पुरून, माती सारखी करून ती निघून जाते, तेव्हा अंडी काढून घेण्यात तिचं काही बिघडत नाही. बिघडू शकतं ते अंड्याचं. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांकडून धरून ठेवणाऱ्या पिळदार दोऱ्या असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांत त्या नसतात. गर्भ लवकरच कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो, आणि नंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून अंडं उचलण्याआधी, ते जसं पडलं आहे तसंच ठेवून, वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने एक खूण करावी. पुढे किती वेळा हाताळलं तरी ती खूण आकाशाकडेच राहिली पाहिजे. दोन अंडी एकमेकांना चिकटलेली सापडली तर ओढून सोडवू नयेत, जोडीनेच ठेवावीत.

डबा आणि ओल

उबवणीचा डबा म्हणजे घट्ट झाकणाचा साधा प्लास्टिकचा डबा. झाकणाला एक-दोन बारीक भोकं पुरतात. काही जण तीही पाडत नाहीत आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलतात. आत तीन-चार सेंटिमीटर वर्मिक्युलाइट किंवा परलाइट, म्हणजे कुंडीतल्या मातीत मिसळायला नर्सरीत मिळतं तेच. जेवढं वर्मिक्युलाइट तेवढंच पाणी, दोन्ही वजनाने. कालवल्यावर मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. निथळलं तर ओल जास्त झाली. अंगठ्याने खळगा करून अंडं अर्धं आत, अर्धं बाहेर बसवायचं.

ओल तपासायला स्वयंपाकघरातला वजनकाटा हे उत्तम साधन आहे. पहिल्या दिवशी अंड्यांसकट बंद डब्याचं वजन करून झाकणावर लिहून ठेवा. अंडी फुगतात ती डब्यातलंच पाणी पिऊन, तेव्हा त्यामुळे एकूण वजन बदलत नाही. वजन कमी झालं तर तेवढं पाणी हवेत गेलं, असा त्याचा अर्थ. जेवढे ग्रॅम घटले तेवढं कोमट पाणी कडेने, अंड्यावर थेंब न पडू देता, घालायचं. डब्यातलं स्वस्त आर्द्रतामापक यापेक्षा बरंच कमी सांगतं.

नर की मादी: तापमान ठरवतं

लेपर्ड गेकोमध्ये नर-मादी ठरवणारी आपल्यासारखी एक्स-वाय गुणसूत्रं नाहीत. अंडं कोणत्या तापमानाला राहिलं, त्यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. प्राण्यांत असं घडतं याचा पहिला पुरावा १९६६ मध्ये माडलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने आफ्रिकेतल्या अगामा सरड्यावर दिला. वेळासच्या किनाऱ्यावर जपल्या जाणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांमध्येही हाच प्रकार आहे: वाळू गार असली तर नर जास्त, तापलेली असली तर माद्या जास्त.

लेपर्ड गेकोचा आलेख मात्र कासवांसारखा सरळ चढत नाही. २६ अंश सेल्सिअसला जवळपास सगळ्या माद्या. ३० अंशांना माद्या जास्त, थोडे नर. ३२.५ अंशांच्या आसपास नरांचं प्रमाण सर्वांत वर जातं, साधारण पाऊण. तिथून पुढे ते पुन्हा घसरतं, आणि ३४ अंशांना परत बहुतेक माद्याच. दोन्ही टोकांना मादी आणि मध्ये नर. गंमत म्हणजे एकही तापमान असं नाही की जिथे हमखास सगळे नरच निघतील.

ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पालीवर वर्षानुवर्षं काम केलं. १९८८ मध्ये गट्झके आणि क्रूज यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. त्याचा रोख असा की अंड्याचं तापमान पालीचं लिंग तर ठरवतंच, शिवाय मोठेपणीच्या वागण्यावरही छाप सोडतं. जास्त उष्णतेत उबलेल्या माद्या नराला दाद कमी देतात, अंगावर जास्त येतात. पाळणाऱ्यांच्या बोलीत अशा माद्यांना ‘हॉट फीमेल’ म्हणतात. मुलांच्या हातात खेळणारी मादी हवी असेल तर ३४ अंशांच्या वाटेला न जाणं शहाणपणाचं. तिथे अंडी वाया जाण्याचा धोकाही जास्त असतो.

व्यवहारात कुणी इतकं काटेकोर राहत नाही. माद्या हव्या असतील तर २६.५ ते २७.५, दोन्ही चालत असतील तर २९ ते ३०, नर हवे असतील तर ३१.५ ते ३२.५. अमेरिकेतली माणसं हेच ८०, ८५, ९० फॅरनहाइट असं गोल आकड्यांत सांगतात. घरच्या छंदासाठी पहिला पर्याय बरा: माद्या समजुतीने राहतात, नर एकमेकांना फाडतात, आणि पिल्लं देताना लोक मादीच मागतात.

लिंग ठरण्याचा काळ उबवणीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत असतो. तो उलटून गेल्यावर तापमान वाढवलं तरी मादीचा नर होत नाही. रंगाचे शौकीन याचा फायदा घेतात: आधी गार ठेवून मादी पक्की करायची, मग दोन-तीन अंश चढवायचे, कारण उष्णतेत वाढलेल्या पिल्लांच्या अंगावर काळा रंग कमी भरतो आणि पिवळा उजळ दिसतो.

किती दिवस लागतील हेही तापमानावरच. ३२ अंशांच्या आसपास दीड महिन्याच्या आत-बाहेर, २६-२७ अंशांना दोन महिने किंवा थोडे जास्त.

इन्क्युबेटर

विकतचा घ्या, थर्मोकोलच्या पेटीत गरम करणारी चटई टाकून घरी करा, नाहीतर पाण्यात मत्स्यालयाचा हीटर बुडवून त्यावर डबा ठेवा. तिन्ही चालतात. एकच अट: थर्मोस्टॅट चांगला हवा, आणि त्याचा संवेदक अंड्यांच्या डब्याशेजारी, अंड्यांच्याच उंचीवर हवा. शिवाय वेगळा थर्मामीटर, कारण यंत्राच्या पाटीवरचा आकडा आणि डब्यातलं तापमान यांत एक-दीड अंशाचा फरक सहज पडतो, आणि या पालीत तेवढ्या फरकाने माद्यांचे नर होतात. अंडी येण्याआधी रिकामा इन्क्युबेटर आठवडाभर चालवून पाहावा.

कोंबडीच्या अंड्यांसाठीचा इन्क्युबेटर वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी बदलायच्या. तो कारखान्यातून ३७.५ अंशांच्या आसपास लावून येतो. त्या उष्णतेत गेकोची अंडी उकडतील. आणि त्यातली अंडी फिरवणारी जाळी काढून टाकायची. कोंबडीच्या अंड्यांना फिरवणं आवश्यक, इथे तेच घातक.

वीज गेली तर घाबरू नये. काही तास तापमान चार-पाच अंशांनी उतरलं तर गर्भाची वाढ मंदावते, इतकंच. पेटीवर चादर टाकून ठेवावी. चढलेलं तापमान मात्र माफ करत नाही. नागपूर-जळगावसारख्या ठिकाणी मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. तिथे ऊब कशी द्यायची हा प्रश्नच नसतो, गारवा कसा द्यायचा हा असतो. आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही.

आत काय चाललं आहे

साधारण आठवडा-दहा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत, अंडं जागेवरून न हलवता, कडेला छोटा टॉर्च टेकवून पाहावं. फलित अंड्यात गुलाबी वर्तुळ आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नुसताच पिवळा उजेड पडला तर अंडं बहुधा पोकळ. पण ‘बहुधा’च. चांगलं अंडं खडूसारखं पांढरं, टणक होत जातं आणि फुगतं. पोकळ अंडं पिवळट, चिकट होऊन बसतं आणि त्यावर बुरशी धरते. शंका असेल तर वाट पाहावी. अंडं कुजून वास येईपर्यंत ते टाकून देण्याची घाई नको. वरून मळकट दिसणाऱ्या अंड्यातून धडधाकट पिल्लं निघतात. बुरशीचा ठिपका कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसावा आणि संशयित अंडं दुसऱ्या डब्यात हलवावं.

अंड्याला खळी पडली तर महिना पाहा. पहिल्या महिन्यात पडली असेल तर ओल कमी आहे. शेवटच्या आठवड्यात पडली असेल तर पिल्लू निघायच्या बेतात आहे. कवचावर घामासारखे थेंब दिसू लागले की एक-दोन दिवसच उरले.

अंडं फुटताना

कुक्कुटपिल्लाच्या चोचीवर एक दात असतो. गेकोच्या नाकाडापुढे दोन असतात. त्यांनी पिल्लू आतून कवचाला चीर देतं, कधी दोन-तीन जागी. मग नाक बाहेर काढून तासन् तास निवांत पडून राहतं. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण आत काम चालू असतं: उरलेला बलक पोटात ओढून घेणं. याच वेळी ‘मदत’ म्हणून पिल्लू ओढून काढणारे बलकाची पिशवी फाडतात. हात लावू नये. एका खेपेतली दोन्ही अंडी बहुतेकदा एका दिवसाच्या अंतराने फुटतात. एक फुटून दुसरं तसंच राहिलं तरी दोन-तीन दिवस थांबावं. फोडून बाहेर काढलेली पिल्लं बऱ्याचदा अशक्तच निघतात.

बलक पोटाला लोंबकळत असताना पिल्लू पूर्ण बाहेर आलं तर ओल्या टिश्यू पेपरवर, झाकलेल्या छोट्या डब्यात, इन्क्युबेटरच्याच तापमानाला ठेवावं. एक-दोन दिवसांत बलक जिरतो किंवा सुकून गळतो.

पहिले काही दिवस

नवं पिल्लू सात-आठ सेंटिमीटरचं, वजन दोन-तीन ग्रॅम. त्याच्या अंगावर बिबट्याचे ठिपके नसतात. काळे-पिवळे पट्टे असतात, ते वाढता वाढता तुटून ठिपके होतात. हात जवळ नेला की पायांवर ताठ उभं राहून तोंड वासतं आणि चक्क किंचाळतं. घाबरून हातातून सोडू नका, म्हणजे झालं.

पहिल्या काही दिवसांत ते कात टाकतं आणि बहुधा खाऊनही टाकतं. तोवर अन्न घालण्यात अर्थ नाही. बलक पुरेसा असतो. मग बारीक रातकिडे किंवा छोटे मीलवर्म, पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नाहीत, कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाच्या भुकटीत घोळवून. न खाल्लेले रातकिडे रात्रभर आत सोडू नयेत. ते झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात. तळाला वाळू नको, टिश्यू पेपर पुरे. एका टोकाला ऊब, दुसरीकडे गारवा, पाण्याची उथळ ताटली आणि ओलसर कागदाचा एक आडोसा, म्हणजे बोटांवरची कात अडकत नाही. अडकलेली कात वळ्यासारखी आवळते आणि बोट गळून पडतं. भावंडं एकत्र ठेवली तर मोठं लहानाचं शेपूट चावतं, म्हणून प्रत्येकाचा डबा वेगळा बरा.

आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवावं. नर की मादी हे डोळ्यांनी सांगायला काही महिने लागतात: नराच्या मागच्या पायांमध्ये उलट्या ‘व्ही’च्या आकारात ठळक छिद्रांची ओळ आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे दिसतात. तोवर अंडं किती अंशांवर उबलं याची नोंद हाच एकमेव अंदाज. म्हणून उबवणीच्या डब्यावर पहिल्या दिवसापासून तारीख, आई-बाप आणि तापमान लिहिलेलं असावं, आणि पिल्लू कुणाला द्याल तेव्हा तीच चिठ्ठी त्याच्यासोबत द्यावी.